खंदकात कोण उतरलं

दगड धुवायच्या कामात रोहिणीनं कुणाला हात घालू दिला नव्हता. उद्या अंबाजोगाईला बालाघाट अभियंता संघाचा सुवर्णमहोत्सव होता आणि संघाच्या कपाटातले चाळीस दगड तिथं टेबलावर मांडायचे होते. जलसंधारण खात्यातली नोकरी सांभाळून संघाचं चिटणीसपद बघणारी ती ते पोत्यांत भरून धारूरला माहेरी घेऊन आली होती. दुपारची जेवणं उरकली तशी मागच्या ओट्यावर बादली आणि नारळाची शेंडी घेऊन बसली. आत बैठकीच्या खोलीत काय शिजतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते जेवढं लांबेल तेवढं बरं, म्हणून एकेका दगडाला ती नवरीला हळद लावावी तशी घासत होती.

अभियंत्यांच्या सुवर्णमहोत्सवात दगड कशाला, असं बाहेरचा कुणीही विचारील. त्याचं उत्तर तिच्या आजोबांपाशी होतं आणि अर्जुनराव आबांनी ते पन्नास वर्षं दरसालच्या भाषणात दिलेलं होतं. त्र्याहत्तर साली दुष्काळी कामावरचा एक तलाव पहिल्याच पावसात फुटला. बांधाखाली खडक लागेपर्यंत खंदक खणायचा आणि तो काळ्या मातीनं ठासून भरायचा, नाहीतर पाणी खालून वाट काढतं, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण वरून हुकूम आला, मजुरांना दुसऱ्या कामावर न्यायचंय, भरून टाका. धर्मराज नावाच्या ओव्हरसियरनं मुकाट सही केली. तलाव फुटल्यावर हुकूम देणारे सगळे कोरडे राहिले आणि धर्मराजला भर आठवडी बाजारात बेड्या घालून नेलं. तो पुन्हा या जिल्ह्यात दिसला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आबांसह बारा ओव्हरसियर लॉजच्या एका खोलीत जमले आणि संघ झाला. मोर्चे नाहीत, घोषणा नाहीत, एकच नियम. खंदक भरायच्या आधी दुसऱ्या तालुक्यातल्या एका सभासदानं खंदकात उतरायचं, तळाच्या खडकावर हात ठेवायचा, हातोडीनं त्याचा एक टवका काढायचा आणि मगच कामावरच्या अभियंत्याच्या सहीशेजारी आपली साक्षसही करायची. टवका संघाच्या कपाटात जायचा. सरकारी कागदात साक्षसहीला काडीची किंमत नव्हती, पण जिल्ह्यात तिचा असा दबदबा झाला की पुढारी दम द्यायला लागला की पोरं म्हणायची, "साहेब, साक्ष व्हायचीय अजून," आणि पुढारी गप्प बसायचा. किल्लारीच्या भूकंपात याच लोकांनी रजा टाकून पडक्या भिंती तपासल्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांना डिप्लोमाला घातलं. पुढं संघाला इमारत झाली, आणि इमारत झाली की संस्थेला शाली आणि हारतुरे लागतात. तसे ते लागले.

एकतिसावा दगड आंबेदऱ्याचा निघाला. रोहिणीनं तो उचलला आणि तिचा हात थांबला.

आंबेदऱ्याचा पाझर तलाव दोन वर्षांपूर्वी झाला होता आणि यंदा भादव्यात फुटला होता. खालच्या रानात शेळ्या घेऊन उभी असलेली दगडाबाई नावाची म्हातारी पाण्यात गेली. तिसऱ्या दिवशी सापडली. कामावर कनिष्ठ अभियंता होता गहिनीनाथ, तो निलंबित झाला. त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. साक्षसही होती खुद्द आबांची.

दगड काळाकभिन्न, चांगला टणक होता. मागच्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी तिनं भिजू दिली नव्हती, तिच्यावर नीट लिहिलेलं होतं, आंबेदरा, खंदकाचा तळ, तारीख, साक्ष अर्जुनराव. पण चिखल निघाल्यावर त्याच्या एका अंगाला गुळगुळीत अर्धगोल पन्हळ दिसली. सुरुंगाची दारू भरायला खदानीत भोक पाडतात, त्याची अर्धी नळी. आंबेदऱ्याचा खंदक पोकलेननं खणलेला होता, तिथं एकही सुरुंग उडाला नव्हता. म्हणजे हा दगड खंदकातला नव्हताच. तो खडी काढायच्या खदानीतून आला होता.

आबा खोटं बोलतील, हे तिनं आयुष्यात कधी धरून चाललं नव्हतं.

"रोहिणीऽ, किती वेळ घासती गं? अण्णा बोलवायलेत," आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

ओल्या हातानं दगड पदराआड धरून ती बैठकीत गेली. अण्णा, म्हणजे तिचे वडील रामराव, खुर्चीत बसले होते. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली आणि त्यांचं तिकीट जवळपास ठरलेलं. शेजारी रामेश्वरमामा, आईचा धाकटा भाऊ आणि आंबेदऱ्याचा कंत्राटदार. आबा खिडकीपाशी, दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवून. त्यांच्यापुढच्या टेबलावर उद्याचा फेटा बांधून बघायला आणलेला होता, तो तसाच घडीत होता. त्याच्या शेजारी टाइप केलेला एक कागद आणि वर पेन.

"बस. दोन मिनिटांचं काम हाय," अण्णा म्हणाले. "संघाच्या चिटणीसानं चौकशी अधिकाऱ्याला द्यायचं पत्र. सोमवारी सुनावणी हाय."

रोहिणीनं वाचलं. साक्षसही झाली तेव्हा खंदक खडकापर्यंत गेलेला होता, असं त्यात होतं. त्यानंतर कनिष्ठ अभियंत्याच्या देखरेखीत भरावाच्या जागेत परस्पर बदल झाला, त्याच्याशी संघाचा संबंध नाही.

"हे कुणी सांगितलं, जागा बदलली म्हणून?"

"तसंच झालं आसंल ना," रामेश्वर म्हणाला. "न्हाईतर आबांनी बघितलेला खंदक फुटंल कावून?"

"मामा, सगळा दोष गहिनीनाथवर जातोय ह्यानं. तुरुंगात जाईल तो."

"कुणी तुरुंगात जात न्हाई बाळा. दोन वर्षं चालंल, सुटंल. त्याला आपण वाऱ्यावर सोडतो काय?" अण्णांचा आवाज सभेतल्यासारखा मऊ झाला. तो असा झाला की घरातले सगळे सावध व्हायचे. "तू संघाचा इचार कर. पन्नास वर्षांत एक साक्षसही खोटी निघाली न्हाई. आबांचीच खोटी ठरली तर उद्या जिल्ह्यातला प्रत्येक वकील जुने तलाव उकरंल. संघ राहील का?"

हा मुद्दा वाऱ्यावरचा नव्हता, आणि म्हणूनच रोहिणीला तो जास्त झोंबला. तिनं आबांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

तिची आई, गीताबाई, चहाचे कप घेऊन आल्या. "कर की सही," त्या म्हणाल्या. "मामा हाय तुजा. त्याची लेकरं लहान हायेत."

रोहिणीनं दगड टेबलावर, बरोबर त्या पत्रावर ठेवला. पन्हळ वर केली.

"आबा, हा आंबेदऱ्याचा."

रामेश्वरनं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"सुरुंगाचं भोक हाय हे," ती म्हणाली. "तुमी उतरलता का खंदकात?"

"आबांना असं इचारती?" अण्णा उसळले. "उद्या पाचशे माणसांत सत्कार हाय त्यांचा!"

तेवढ्यात अंगणातल्या फाटकाची कडी वाजली. गहिनीनाथ आला होता. चपला पार फाटकापाशी काढून तो दारात उभा राहिला. एका महिन्यात पोरगा निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. संघाच्या मदतीवर डिप्लोमा केलेल्या पोरांमधला हा पहिला नोकरीला लागलेला. त्याच्या नोकरीचे पेढे याच खोलीत वाटले होते.

"ये रे, आत ये," अण्णा म्हणाले. दगडावर त्यांनी सहज केल्यासारखा फेटा सारला.

तो आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. "बसत न्हाई साहेब. मॅडमला एक इनंती करायला आलतो." त्यानं हातातली प्लास्टिकची पिशवी उगीच दुसऱ्या हातात घेतली. "मंगळवारी आमच्या वाडीची टोळी ऊसतोडीला कर्नाटकात निघायली. माय म्हणती, सुनावणीचं काय व्हायचं ते होऊ दे, तुला कोयता धरता येतो. येतोच म्हणा. पर सुनावणीत म्या खोटा ठरलो तर धाकट्या भावाला संघ मदत करायचा न्हाई."

"तुझं म्हणणं काय?" रोहिणीनं विचारलं.

"म्या निर्दोष हाय असं न्हाई म्हणत." त्याची नजर जमिनीवर होती. "म्या बी उतरलो न्हाई, मॅडम. त्या दिवशी बीडला बैठक होती. संध्याकाळी आलो तर वहीत आबासाहेबांची सही झालेली. आता आबासाहेबांनी बघितल्यावर म्या परत खंदकात उतरायचं म्हंजे त्यांच्यावर संशय घेतल्यावानी. शेजारी सही केली अन् भरा म्हणलं. तेवढंच लिहा. म्या उतरलो न्हाई. पर जागा बदलली, माती चोरली, असलं नका लिहू. ते म्या केलं न्हाई."

रोहिणीला एकाएकी सगळं लख्ख दिसलं. दोघांनी पाहावं म्हणून नियम केला होता. आबांना वाटलं, कामावरचं पोरगं बघेलच. पोराला वाटलं, आबांनी बघितलंय. आणि त्या खंदकात एकही माणूस उतरला नाही.

"आबासाहेबांनी बघितलं न्हाई," आबा म्हणाले.

खिडकीबाहेरची नजर त्यांनी पोराकडं वळवली.

"म्या जीपमधून उतरलोच न्हाई, गहिनीनाथ. रस्त्यावरून खंदक दिसत व्हता, दोनशे पावलं. खाली चौदा फूट. शिडी लावलेली. ह्या गुडघ्यांनी मला संडासात उठबस व्हईना, चौदा फूट कुठं उतरू? म्हणलं असतं तर दुसरा सभासद आला असता. माजलगावचा आला असता, गेवराईचा आला असता. पर तिथं पाच-सहा पोरं उभी व्हती, नवी भरती झालेली. अर्जुनराव आले म्हणून हात जोडून उभी. त्यांच्यापुढं मला उतरता येत न्हाई म्हणायची लाज वाटली."

"आबा, कशाला—" अण्णा म्हणाले.

"लाज वाटली रे, राम. दुसरं काही न्हाई. कुणी पैसा दिला न्हाई, कुणी दम दिला न्हाई. रामेश्वर म्हणला, तुमी बसा, मी टवका आणतो. त्यानं आणला. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, हा खदानीचा हाय."

रामेश्वर उठून उभा राहिला. "आबा, आता तुमी माझ्यावर ढकलायले का?"

पण बोलल्या गीताबाई. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि तो बारीक झाला की मोठ्यापेक्षा वाईट.

"तू माझ्या पाया पडून म्हणलास, अक्का, आबांनी सवता उतरून बघितलं. आईची शपथ घेतलीस."

"अक्का, पोकलेनवाला चालला व्हता दुसऱ्या कामावर. आनखी पाच फूट खणायला आठ दिवस लागले असते—"

"मीच आबांना गळ घातली व्हती, माझ्या भावाच्या कामावर तुमीच जा म्हणून." गीताबाईंनी त्याच्यापुढचा कप उचलला, चहा तसाच भरलेला. "त्या म्हातारीच्या घरी आपल्यातलं कोण गेलं? तेरावं झालं तिचं. एक माणूस गेलं न्हाई." मग लेकीकडं वळून म्हणाल्या, "लिही रोहिणी. जे खरं हाय ते लिही. माझा भाऊ हाय म्हणून थांबू नको."

आईकडून हे येईल असं रोहिणीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. टाइप केलेला कागद तिनं बाजूला सारला, वहीतलं कोरं पान फाडलं.

अण्णा राजकारणात तीस वर्षं होते. रागावून काही होत नाही हे त्यांना कधीच कळलेलं होतं. त्यांनी फेटा बाजूला केला, दगड उचलला, डोळ्यांजवळ नेला. पन्हळीकडं नाही, मागच्या बाजूला.

"चिठ्ठी कुणाच्या अक्षरात हाय ही?"

रोहिणीनं वर बघितलं.

"तुज्या," अण्णा म्हणाले. "टवका आला की चिटणीसानं तो हातोडीनं फोडून बघायचा, जागेच्या नोंदीशी ताडायचा, मगच चिठ्ठी लावायची. हाय ना नियमात? का मला पाठ हाय अन् तुला न्हाई?"

हाय. नियमात होतं. आबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड तिच्या हातात दिला होता, तिला अंबाजोगाईची बस गाठायची होती. तिनं मांडीवरच चिठ्ठी लिहिली, डिंक लावला आणि कपाटात ठेवला. आबांचा दगड, तो काय फोडून बघायचा? आताही ओट्यावर तो हातात होता, ती चिठ्ठी तिनं वाचलीही होती. पण स्वतःचं अक्षर इतकं सवयीचं असतं की ते डोळ्यांत भरतच नाही. मघापासून ती आबांना आणि गहिनीनाथला मनातल्या मनात न्यायासनासमोर उभं करत होती. तिसरी जागा रिकामी कशी, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुमी तिघं बी हायेत ह्यात," अण्णा म्हणाले. "आबा निवृत्त हायेत, त्यांचं कुणी काय वाकडं करतंय? तुझी नोकरी सरकारी हाय. खात्याचीच हाय. गुन्ह्यात नाव आलं की हा जिथं उभा हाय तिथं तू उभी राहशील."

त्यांनी दगड अलगद टेबलावर ठेवला आणि हात झटकले.

गीताबाई एकदा भावाकडं, एकदा लेकीकडं बघत राहिल्या. भावाच्या वेळी जे तोंडातून सहज निघालं होतं ते आता निघेना.

"रोहिणी," त्या शेवटी म्हणाल्या. "चिठ्ठीचं काय एवढं? ते काय खंदकाचं काम थोडंच हाय. ते नको घालूस."

"आई..."

"नको घालूस म्हणते ना."

"मॅडम, चिठ्ठीचं म्या कुणाला बोलणार न्हाई," गहिनीनाथ घाईनं म्हणाला. त्याला वाटत होतं तो तिला मदत करतोय. "मला माहीतच न्हाई तसं काही. तुमी फकस्त म्या मघाशी म्हणलो तेवढं लिहा."

रोहिणीनं आबांकडं बघितलं. आता तरी त्यांनी काहीतरी म्हणावं, लिही म्हणावं नाहीतर नको म्हणावं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. आबांनी फक्त एवढंच म्हटलं, "नियम तिला माहीत हाय, राम. तू गप बस."

ती लिहायला लागली. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. आंबेदरा पाझर तलावाच्या खंदकाची पाहणी करताना साक्षीदार सभासद अर्जुनराव हे प्रत्यक्ष खंदकात उतरले नाहीत. कनिष्ठ अभियंता गहिनीनाथ हेही उतरले नाहीत. खंदकाची जागा किंवा माती त्यांनी बदलल्याचा कोणताही पुरावा संघाकडे नाही. साक्ष म्हणून संघाकडे आलेला दगड त्या जागेचा नसून कंत्राटदाराने आणून दिलेला आहे.

रामेश्वर तिच्या खांद्यावरून तेवढं वाचून झाल्याबरोबर चपला न शोधता, दिसल्या त्या पायात सरकवून बाहेर पडला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. अण्णांनी त्याला थांबवलं नाही. कोणतं माणूस कधी सोडायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

पुढचं वाक्य रोहिणीच्या डोक्यात तयार होतं. संघाच्या चिटणीसांनी सदर दगडाची नियमाप्रमाणे तपासणी केली नाही. दहा शब्दसुद्धा नव्हते. तिनं पेन कागदावर टेकवलं, तिथं निळा ठिपका उमटला. तिला दगडाबाई आठवली नाही, संघ आठवला नाही. अंबाजोगाईच्या ऑफिसातलं आपलं टेबल आठवलं, त्यावरची आपल्या नावाची पाटी आठवली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाज वाटली तरी हात पुढं सरकला नाही. मग त्या ठिपक्याचा तिनं पूर्णविराम केला आणि खाली लिहिलं, चिटणीस. सही केली.

"साक्षीदारांची सही," असं म्हणत तिनं कागद आबांपुढं धरला.

आबांनी चष्मा लावला. ते सावकाश वाचत होते, ओठ हलवत, एकेक ओळ बोटाखालून नेत. शेवटच्या ओळीखाली त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागची बाजू बघितली. ती कोरी होती. कोऱ्या पानाकडं ते बराच वेळ बघत राहिले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, आबा."

अण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. महिनाभरात पहिल्यांदाच. आईनं पदरानं डोळे पुसले आणि थंड झालेले कप गोळा करायला घेतले. आबांनी कागद सरळ केला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

गहिनीनाथनं तो पिशवीत घातला, पिशवीची दोनदा गुंडाळी केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, सख्ख्या आजोबाचं नाव लिहिलंत तुमी," तो म्हणाला. "असं माणूस म्या बघितलं न्हाई."

तो तिच्या पाया पडायला वाकला, आणि रोहिणीनं त्याला वाकू दिलं.